व्ल्कोलीनेत्सची लाकडी घरे कशी टिकली?

प्रश्न : स्लोव्हाकियातील व्ल्कोलीनेत्स हे खेडे जागतिक वारसास्थळ आहे. ते नेमके कोठे आहे, तेथील जुनी घरे कशी टिकली आणि लोकांची उपजीविका कशावर चालते?

उत्तर : उत्तर स्लोव्हाकियात, वेल्का फात्रा पर्वतरांगेतील सिदोरोवो डोंगराच्या उतारावर, सुमारे 718 मीटर उंचीवर हे गाव वसले आहे आणि प्रशासकीयदृष्ट्या ते खाली नदीकाठी असलेल्या रुझोम्बेरोक शहराचाच भाग आहे. त्याच्या नावात लांडग्यासाठीचा ‘व्ल्क’ हा स्लोव्हाक शब्द आहे. गावाचा पहिला लेखी उल्लेख 1376 मधला, म्हणजे हा प्रदेश हंगेरीच्या राज्यात होता तेव्हाचा.

घरे टिकली त्याचे मुख्य कारण, माझ्या मते, हा उतारच आहे. येथे मोठी शेती शक्य नव्हती. घरांमागे चढत गेलेल्या अरुंद, लांबट पट्ट्यांत जे पिकेल ते घ्यायचे, मेंढ्या राखायच्या आणि जंगलात लाकूडतोड करायची, असा जीवनक्रम होता. 1871 मध्ये रेल्वे रुझोम्बेरोकला पोहोचली, पुढे तेथे कापडाचे आणि कागदाचे कारखाने वाढले, परंतु ती भरभराट खोऱ्यातच राहिली. दगडी जोत्यावर रचलेल्या ओंडक्यांच्या भिंती, त्यांवरचा मातीचा गिलावा व चुन्याची सफेदी, लाकडी फळ्यांची छपरे आणि 1770 मधला लाकडी घंटामनोरा हे सारे त्यामुळे जागेवर राहिले. पाडून नवे बांधण्याइतका पैसा वर आलाच नाही. सगळेच मात्र वाचले नाही. 1944 मध्ये नाझींविरुद्ध झालेल्या स्लोव्हाक राष्ट्रीय उठावानंतर जर्मन सैन्याने गावाचा काही भाग जाळला.

1977 मध्ये गावाला लोकवास्तूंचे संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली आणि 1993 मध्ये, स्लोव्हाकिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतले. आज सुमारे पंचेचाळीस घरांच्या या गावात कायम राहणारी माणसे जेमतेम विसेक आहेत. बरीच घरे सुटीपुरती उघडतात, एका घरात शेतकरी कुटुंबाच्या राहणीचे संग्रहालय आहे आणि मुख्य आधार पर्यटनाचा आहे. पर्यटक अंगणात डोकावतात, ही रहिवाशांची तक्रार मला अगदी रास्त वाटते, कारण ती त्यांची राहती घरे आहेत. घरांइतकीच काळजी त्या शेतपट्ट्यांची घ्यायला हवी. गवत कापणारे आणि गुरे चारणारे हात कमी झाले की तेथे आधी झुडपे येतात आणि मग जंगल घरांच्या परसापर्यंत उतरते.