शाळा सुटून २२ वर्षं झाली. वर्गमित्रांशी आता बोलायचं काय?

तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या वर्गातले पस्तीसेक जण शोधून व्हॉट्सॲपवर ग्रुप केला, पहिले दोन महिने रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगल्या आणि आता तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड यांपलीकडे काही येत नाही. "त्याच चार आठवणी उगाळून झाल्या की आमच्यात उरतं काय?" हा तुमचा खरा प्रश्न. आमच्या वर्गाला एकत्र ठेवण्याच्या खटपटीत मी गेली नऊ वर्षं आहे. वर्ग ४१ जणांचा. त्यातले ३७ सापडले, तिघांचा अजून पत्ता नाही, एक जण आता हयात नाही. एवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

आधी हे सांगते, की ग्रुप थंडावला म्हणून मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीला जो पूर येतो तो २२ वर्षं तुंबलेल्या चौकशीचा असतो. कोण कुठे राहतं, काय करतं, घरी कोण कोण. ती चौकशी संपली की पूर ओसरणारच. शिवाय पस्तीस जणांसमोर कोणी मनातलं बोलत नाही. शाळेत तरी आपण सगळ्या वर्गाशी कुठे बोलत होतो? आपण बोलायचो ते बाकावर शेजारी बसणाऱ्याशी, फार तर पुढच्या बाकावरच्याला पेन टोचून.

हे लक्षात आल्यावर मी ग्रुपवर जीव ओतणं थांबवलं आणि दर रविवारी एकाला फोन करायचं ठरवलं, हजेरीच्या क्रमाने. क्रम मुद्दाम धरला, नाहीतर माणूस आवडत्या चौघांनाच फोन करत राहतो. पहिल्या दोन-तीन फोनना हात थरथरत होते. इतक्या वर्षांनी काय म्हणतील, काही काम असेल म्हणून फोन केला असं वाटेल का, ही धास्ती. पुढे वाचनात आलं की ही धास्ती जवळपास सगळ्यांनाच असते आणि ती चुकीची असते. संशोधक पेगी ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की आपण कुणाची आठवण काढून संपर्क केला तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कमीच बांधतो. आणि संपर्क जितका अनपेक्षित, तितका तो समोरच्याला जास्त सुखावतो. माझ्या या सगळ्या फोनपैकी कोरडा म्हणावा असा एकच निघाला, आणि त्या मैत्रिणीच्या घरी तेव्हा आजारपण चालू होतं, हे मला नंतर कळलं.

आता आठवणींबद्दल. तुम्हाला वाटतंय की त्या चारच आहेत. तसं नाही. चारच वर आलेल्या आहेत, बाकीच्यांना वर यायला आधार लागतो. हे मी स्वतः करून पाहिलंय. एका संध्याकाळी कागद घेऊन वर्गातल्यांची नावं लिहायला बसले. तासाभरात १९ आली. मग वर्गाचा जुना फोटो समोर ठेवला, आणि दोन चेहरे सोडले तर सगळे ओळखू आले. मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १७ ते ७४ वयाच्या ३९२ जणांना त्यांनी आपापले शाळेतले वर्गमित्र आठवायला लावले. नुसती नावं आठवून लिहा म्हटलं की शाळा सोडून जितकी जास्त वर्षं झालेली, तितकी कमी नावं यायची. फोटोतले चेहरे ओळखायला सांगितल्यावर मात्र तीन दशकं उलटलेल्यांनाही दहातले नऊ ओळखता येत होते. म्हणजे आत सगळं शाबूत असतं, दार उघडायला फोटोसारखी एखादी खूण हवी. आणि ज्या वयातल्या आठवणी उतारवयापर्यंत सर्वांत ठळक राहतात, ते वय साधारण १० ते ३० हेच आहे. शाळेची वर्षं त्यात नेमकी येतात.

म्हणून ग्रुपवर "काय दिवस होते ते" असं कधी लिहू नका. त्याला अंगठे येतात, उत्तर येत नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त चाललेली गप्पा कुठली, तर बाकांचा नकाशा. मी कोऱ्या कागदावर वर्गाची खोली काढली. फळा, दार, दोन खिडक्या, बाकांच्या चार रांगा. फोटो ग्रुपवर टाकला आणि विचारलं, "शेवटच्या वर्षी खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर कोण?" बस. चार दिवस तो नकाशा भरत होता. वर्षभरात एक शब्द न बोललेले जण मध्येच येऊन सांगत होते, तिथे ती नव्हती, ती दाराशी बसायची, कारण तिला फळा लांबून दिसत नव्हता म्हणून बाईंनी तिला पहिल्या सत्रानंतर पुढे आणलं होतं. एका बाकावर तीन नावं लागली आणि तिन्ही बरोबर निघाली, कारण सहामाहीनंतर जागा बदलायचे. प्रत्येक नावासोबत काहीतरी चिकटून येत होतं. कुणाचं अक्षर, कुणाची सतत गळणारी शाई, कुणाचा भूगोलाच्या तासालाच दुखणारा दात.

आठवणी जुळल्या नाहीत तर घाबरू नका. माझ्या आठवणीत प्रयोगशाळेतलं चंचुपात्र मी फोडलं होतं आणि माझ्या मैत्रिणीने ते अंगावर घेतलं होतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिची ऋणी होते. फोनवर ती म्हणाली, "अगं, फोडलं मी होतं. तू शेजारी उभी होतीस, म्हणून बोलणी दोघींनी खाल्ली." कोण बरोबर, हे आता कधीच कळणार नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडलं होतं, की आठवण म्हणजे कपाटातून जशीच्या तशी काढलेली वस्तू नव्हे, आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो. मला तर दोन आवृत्त्या असणं आवडतं, दुसरी ऐकायला फोन करावाच लागतो.

एका गोष्टीबाबत मात्र कळकळीने सांगते, कारण तिथे माझ्याकडून चूक झाली. आमच्या वर्गात एक मुलगा मोठ्याने वाचताना अडखळायचा. त्यावरून त्याला एक नाव पडलं होतं. ग्रुपवर तो आला त्या दिवशी सगळ्यांनी त्याच नावाने त्याचं स्वागत केलं. मीही केलं, प्रेमानेच केलं. आठवड्याभरात तो काही न बोलता ग्रुप सोडून गेला. हजेरीच्या क्रमात त्याचा रविवार आला तेव्हा मी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली आणि माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्हाला ती गंमत आठवते. मला आदल्या रात्रीच पोटात यायचा तो गोळा आठवतो." तो ग्रुपवर परत आला नाही. माझ्याशी अधूनमधून बोलतो, शाळेविषयी नाही, त्याच्या कामाविषयी. मला तेवढं पुरेसं आहे. तुमच्या वर्गातही असा कोणीतरी असणार. टोपणनावं पुन्हा काढण्याआधी ज्याचं त्याला एकट्याला विचारा. आणि जे परत येऊ इच्छित नाहीत त्यांच्यामागे दोस्तांची फौज लावू नका. आमच्यातल्या न सापडलेल्या तिघांपैकी कुणाला कदाचित सापडायचंच नसेल.

फोन सगळ्यांनाच जमत नाही, हेही ध्यानात ठेवा. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या मुलामुलींच्या मैत्रीचा दीड वर्ष मागोवा घेतला. संपर्क नसेल तर नात्यातली माणसं टिकतात, मित्र मात्र दुरावतात, हे त्यात दिसलंच. शिवाय मुलींची मैत्री बोलण्याने टिकत होती आणि मुलांची एकत्र काहीतरी करण्याने. आमच्याकडे ही विभागणी इतकी काटेकोर नाही, पण फोनवर दोन वाक्यांत संपणारे चार-पाच जण आहेत खरे. त्यांना मी कामं दिली. एकाने सगळ्यांकडचे जुने फोटो गोळा करून स्कॅन केले, दुसरा बाकांच्या नकाशाची स्वच्छ प्रत काढून बसला. ते दोघं त्या निमित्ताने रोज बोलू लागले.

ती स्वच्छ प्रत पुढे अशा ठिकाणी गेली, जिथे जाईल असं आमच्या मनातही नव्हतं. जो वर्गमित्र गेला, त्याच्या मुलीला आम्ही सगळ्यांनी आपापल्या आठवणी लिहून पाठवल्या, कुणी दोन ओळी, कुणी दोन पानं. ती तेव्हा १३ वर्षांची होती. तेरा वर्षांचे असतानाचे तिचे बाबा कसे होते, हे तिच्या घरात कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, आम्हाला होतं. महिन्याभराने तिचा मला मेसेज आला, एवढाच, "बाबा कुठल्या बाकावर बसायचे?" मी नकाशाचा फोटो पाठवला आणि दाराकडून दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या बाकावर खूण केली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि शेजारी कोण बसायचं?" शेजारी बसणाऱ्याला विचारून मी त्याचा नंबर तिला दिला. त्या रात्री ती दोघं पावणेदोन तास बोलली.