राग दाबू नको भाऊ, त्याले नाव दे

हे पाय भाऊ, राग आला का दाबायचा अन् पॉझिटिव्ह विचार करत बसायचं हे जे तू करून राह्यला ना, ते मीबी दोन वर्षं केलं, काही फायदा नाही. मले तर ढग गडगडले का छातीत धस्स व्हायचं, काहून ते समजेच ना, मंग एक दिवस आठवलं का लहानपणी गारपिटीनं संत्र्याचा सारा बार झडला तवा बाबा धुऱ्यावर बसून रडले होते. डोक्यात अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग राह्यते, तो आपण विचार करायच्या आधीच धोक्याची घंटी वाजवते, जुनी गोष्ट तुले आठवो का न आठवो. विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तर १८८४ मध्येच म्हटलं होतं का आधी अंग कापते, मंग भेव वाटते (पुरतं खरं नाही ते, पण अंगाकडं पाहाची सवय लागते). भावना आली का तिले नाव दे, राग हाय का लाज का भेव, अन् अंगात कुठं जाणवते ते वहीत लिही. सबकॉन्शसले (म्हंजे अंतर्मनाले) कमांड द्या म्हणणाऱ्या कोर्सवर पैसे नको घालू बाप्पा. झोपच उडाली असंन तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनले फोन लाव, फुकट हाय, मराठीत बोलतात.