ऐंशी हजाराचा फोन हप्त्यावर : कार्ड, दुकानातलं फायनान्स की परत द्यायची स्कीम?

काका म्हणालास ते चालवून घेतो, पन्नाशीला अजून तीन वर्षं आहेत. मधूनच वाचणाऱ्यांसाठी तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो. तू घणसोलीला राहतोस, नोकरी ऐरोलीला, हातात ३८ हजार येतात, दसऱ्याला ८० हजाराचा फोन घ्यायचाय आणि तीन रस्ते दिसतायत: क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय, दुकानातल्या फायनान्सवाल्याचं लोन, नाहीतर ती "७५ टक्केच भरा, दोन वर्षांनी फोन परत द्या" वाली स्कीम. त्यात न्यू जर्सीचा आतेभाऊ सांगतोय की त्याला सिम कंपनीनेच फोन फुकट दिला, मग आपल्याकडे असं का नाही.

मी नौपाड्यात मोबाईलच्या दुकानात सात वर्षं काउंटरला होतो, आता तुर्भ्याला एका डिस्ट्रिब्युटरकडे हिशेब बघतो, त्यामुळे काउंटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही बघितलंय.

आधी आतेभावाचं मिटवू. तिकडे अमेरिकेत पूर्वी सिम कंपनीशी दोन वर्षांचा करार करून फोन स्वस्तात मिळायचा, २०१३ मध्ये टी-मोबाईल या तिथल्या सिम कंपनीने ती पद्धत मोडली आणि मग सगळेच फोनचे पैसे वेगळे हप्त्यात लावायला लागले. आताचा "फुकट" म्हणजे असा की समजा ८०० डॉलरचा फोन आहे आणि ३६ महिने आहेत, तर दर बिलात २२ डॉलर फोनचे लागतात आणि त्याच बिलात २२ डॉलर क्रेडिट म्हणून वजा होतात. व्हेरायझन आणि एटी अँड टी या तिथल्या दुसऱ्या कंपन्या ३६ महिन्यांवर देतात, टी-मोबाईल बहुतेक २४ वर. मधेच कंपनी सोडली की क्रेडिट बंद आणि उरलेले पैसे अंगावर, शिवाय बऱ्याचदा महागडा अनलिमिटेड प्लॅन घ्यावा लागतो आणि जुना चांगला फोन जमा करावा लागतो. म्हणजे फोन फुकट आणि माणूस तीन वर्षं बांधलेला. ॲपलने २०१५ मध्ये तिकडे स्वतःचा अपग्रेड प्रोग्रॅम काढला, त्यात २४ हप्ते, ॲपलकेअर म्हणजे त्यांचं दुरुस्तीचं संरक्षण धरून, आणि १२ हप्ते भरले की फोन परत देऊन नवा घ्यायचा आणि पुन्हा २४ चा मीटर चालू. दरवर्षी नवा हवाच असेल तर सोय चांगली आहे, पण भावाला विचार, या साखळीत त्याचा स्वतःचा असा फोन कधी होतो.

आपल्याकडे हे का रुजलं नाही तर इथे नव्वद टक्क्यांहून जास्त लोक प्रीपेडवर आहेत आणि २०११ पासून नंबर पोर्ट करता येतो, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, मग कंपनी ८० हजाराची वस्तू हातात देऊन तुला धरून कशी ठेवणार? प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००३ चा रिलायन्सचा मान्सून हंगामा आठवणारे इथे असतीलच, ५०१ रुपये भरून फोन हातात, आमच्या चाळीत एकाच आठवड्यात चार जणांकडे आला होता. उलट २००८ ला आयफोन आला तेव्हा एअरटेल आणि व्होडाफोन दोघांनी ८ जीबीवाला ३१ हजाराला विकला, अमेरिकेसारखं स्वस्त करून नाही दिला, लोकांनी दुकानात हातात घेऊन बघितला आणि ठेवून दिला. २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला, रोख ६,४९९ किंवा १,९९९ अधिक ५०१ प्रोसेसिंग भरून बाकी हप्त्यात. त्यातला एक पर्याय ३०० रुपये गुणिले २४ महिने होता. बेरीज कर, ९,७०० होतात. आता त्यात थोडा डेटा आणि टॉकटाइम धरलेला होता म्हणून सरळ महाग म्हणता येणार नाही, पण फोन किती आणि रिचार्ज किती हे वेगळं काढताच येत नाही, आणि बंडल असतो तो याचसाठी असतो. तुझ्यापुरतं एवढंच की सिम कंपनीचा रस्ता विसर.

आता तुझे खरे तीन रस्ते.

कार्डावरचं नो कॉस्ट ईएमआय. बँक व्याज सोडत नाही. व्याजाएवढी सूट ब्रँड किंवा दुकान आधीच किमतीतून वजा करतं आणि बँक तेवढंच व्याज लावून ८० हजार पुरे करते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच लिहून ठेवलंय की शून्य टक्के असं काही नसतं, व्याज प्रोसेसिंग फीच्या वगैरे आड लपवलेलं असतं. समजा १६ टक्के दर आहे आणि १२ महिने. हप्ता ६,६६७. बँकेच्या खात्यात तुझं लोन ८० हजाराचं नाहीच, ते ७३,४७८ च्या आसपास आहे, वरचे साडेसहा हजार म्हणजे व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुझ्या खिशातून. पहिल्या स्टेटमेंटला बघ, व्याज ९८० आणि त्याखाली बारीक अक्षरात जीएसटी १७६ अशी वेगळी ओळ दिसेल, पुढे ती कमी कमी होत जाते, वर्षाचे मिळून साधारण ११७४. अधिक १९९ प्रोसेसिंग फी आणि त्याच्यावर जीएसटी, म्हणजे एकूण १,४०० रुपये जादा. हे काही फार नाही, वर्षभर ८० हजार वापरायला मिळतायत त्या मानाने चांगलंच म्हणायचं.

खरी मेख दुसरीकडे आहे. एकरकमी स्वाइप केलं असतं तर दुकानदार किंवा बँक चार हजार सोडणार होती का? सोडणार असेल तर तुझी खरी किंमत ७६ हजार आहे आणि ईएमआयने तू ८१,४०० देतोयस, फरक ५,४०० चा, दर काढला तर वर्षाला १३ टक्क्यांच्या आसपास जातो. तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न हप्त्याचा विचारूच नकोस, "आत्ता सगळे देतो, शेवटचा भाव बोल" असं विचार, आकडा कागदावर लिहून घे, मग ईएमआयचं काढ. कधी उलटंही असतं हां, बँकेची सूट ईएमआयवर जास्त आणि सरळ स्वाइपवर कमी, मग डोळे मिटून सहा महिन्यांचा ईएमआय घे.

आणखी दोन गोष्टी. कार्डाची ८० हजाराची लिमिट अडकते, हप्ता भरशील तशी सुटते, गणपतीत गावी जायचं असेल आणि त्याच कार्डावर खर्च असेल तर जपून. आणि कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाहीस तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तिथे नो कॉस्टची सगळी मजा गेली.

दुकानातला फायनान्स. इथे जरा थांबतो कारण इथेच पोरं फसतात. दुकानात टॅब घेऊन बसलेला पोरगा दुकानाचा नसतो, फायनान्स कंपनीचा असतो, त्याला फायली पास करायचं टार्गेट असतं. तो म्हणेल "सर, १२/४ ची स्कीम बसवतो". याचा अर्थ एकूण १२ हप्ते, त्यातले ४ आजच भरायचे, ८ नंतर. तुझ्या ८० हजारात आज २६,६६८ काउंटरवर गेले, म्हणजे लोन ५३ हजाराचंच मिळालं आणि तेही आठ महिन्यांसाठी. तोंडाने सगळे वर्षाचं नो कॉस्ट म्हणतात.

माझ्या भाच्याचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, दुकान ठाणे स्टेशनजवळचं. फोन २४ हजाराचा, स्कीम हीच, ८ हजार भरले, लोन १६ हजार, हप्ता २ हजार. दोन महिन्यांनी मी त्याचा कागद बघितला तर प्रोसेसिंगचे ७५०, कसल्या तरी कार्डाचे ५९९ आणि स्क्रीन प्रोटेक्शनचे ३,४९९. याला वाटलं टेम्पर्ड ग्लास लावून दिली त्याचेच ते पैसे. ओटीपी तीन वेळा आला, तीन वेळा दिला, कशाचा ते विचारलंच नाही. प्रोटेक्शन सोडून दे, नुसते ते १,३४९ धरले तरी आठ महिने घटत जाणाऱ्या १६ हजारावर वर्षाचे २२ टक्के पडतात, आणि पाटीवर शून्य. पुढे मजा अशी की हप्त्याची तारीख २ आणि याचा पगार ७ तारखेला. तिसऱ्या महिन्यात मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बाउन्स झालं, फायनान्सने ५०० लावले आणि बँकेने वेगळे ५९०. दोन हजाराच्या हप्त्यावर हजार नव्वद दंड! आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता तो वेगळा.

हे टाळायचं तर एक हत्यार आहे जे फारसं कुणी वापरत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल लोन देताना "की फॅक्ट स्टेटमेंट", म्हणजे लोनच्या मुख्य गोष्टींचा कागद, द्यावंच लागतं, त्यात एपीआर म्हणजे फी, विमा, इतर चार्जेस सगळं धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, तुला कळणाऱ्या भाषेत द्यायचा नियम आहे म्हणजे मराठीत माग बिनधास्त, आणि सात दिवसांच्या किंवा त्याहून मोठ्या लोनला तो देकार निदान तीन कामाचे दिवस उभा ठेवावा लागतो. त्यामुळे "सर आत्ता केलं तरच ऑफर" हे लोनच्या अटींना लागू नाही, दुकानाची सूट संपू शकते ते वेगळं. ते स्टेटमेंट घरी घेऊन ये, चहा पीत शांतपणे वाच. फक्त क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला हा नियम लागू नाही एवढं लक्षात ठेव.

लोन संपलं की एनओसी, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, मागून घे. भाच्याचं लोन फिटून चार महिने झाले तरी सिबिलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद असते तिथे, चालू दिसत होतं, बाईकच्या लोनला गेला तेव्हा कळलं. आणि काही ठिकाणी हप्ता चुकला की फोन लॉक करणारं ॲप टाकून देतात, बॉक्स उघडून सेटिंग तो पोरगा करत असेल तर नजर ठेव काय काय टाकतोय.

आता ती ७५ टक्केवाली. ८० हजाराचे ६० हजार २४ हप्त्यांत, म्हणजे अडीच हजार महिना, शेवटी फोन द्या नाहीतर २० हजार भरून ठेवा. ऐकायला गोड. पण फोन परत दिलास तर दोन वर्षं अडीच हजाराने भाड्यानेच वापरलास. माझं म्हणणं असं की ही स्कीम घेतलीसच तर शेवटच्या महिन्यात वाशीच्या सेक्टर १७ ला एक चक्कर मार आणि तुझ्याच मॉडेलचा सेकंड हँड भाव काढ. समजा ३० हजार मिळतायत, तर २० भरून फोन ठेव आणि स्वतः विक, दहा हजार सुटतात. भाव १६ वर आला असेल तर खुशाल परत दे. निर्णय शेवटी करायचा असतो आणि लोक पहिल्या दिवशीच ठरवून टाकतात की परतच द्यायचा. तेव्हा तू म्हणशील मग यात तोटा काय, तर अटी वाच. काचेला तडा, कडेला डेंट, डिस्प्ले बाहेर कुठे बदललेला, या प्रत्येकाचे पैसे कापतात. बऱ्याचदा परत दिलेल्या फोनचे पैसे रोख मिळतच नाहीत, त्याच ब्रँडच्या नव्या फोनवर वजा होतात. ट्रान्स हार्बरच्या गर्दीत सकाळी साडेआठला दारात लटकून जाणाऱ्याचा फोन दोन वर्षांनी बिनओरखड्याचा असेल यावर मी तरी पैज लावणार नाही.

आणि मुळात दोन वर्षांनी बदलायचाच का? पूर्वी अपडेट बंद व्हायचे म्हणून बदलायला लागायचा. आता गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस २४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलंय, आयफोनला आधीपासूनच बरीच वर्षं मिळतात. तोच ८० हजाराचा फोन चार वर्षं वापरलास तर महिन्याला १,६६७ पडतात, मधे एकदा बॅटरी बदलली तरी अडीच हजाराच्या खूप खालीच राहतं, आणि शेवटी विकून जे येईल ते तुझंच.

मी तुझ्या जागी असतो तर दसऱ्यापर्यंत जमेल तेवढे बाजूला टाकले असते, निदान २५ हजार, जुना फोन दुकानात आणि बाहेर दोन्हीकडे दाखवून जास्त देईल त्याला दिला असता, आणि उरलेल्यावर सहा महिन्यांचा कार्ड ईएमआय घेतला असता. हप्ता साधारण आठ हजाराला भिडेल, ३८ हजारात जड आहे, घरभाडं देत असशील तर नऊ महिने कर. तेही जड वाटत असेल तर ५० हजारातला फोन बघ, त्यात लाज कसली.

दुकानातून निघायच्या आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, बिलाशी जुळवून बघ, तोच नंबर १४४२२ वर केवायएम लिहून मेसेज केला की सरकारी नोंदीत काय दिसतं ते कळतं. आणि फायनान्सच घ्यायचं ठरलं तर त्या की फॅक्ट स्टेटमेंटचा फोटो इथे टाक, लोन नंबर आणि पॅन झाकून, शनिवारी दुपारपर्यंत टाकलास तर मी संध्याकाळी बसून आकडे काढून देतो.