करडईवरचा मावा: पंप उचलण्याआधी

भाऊ, करडईवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की लगेच पंप पाठीला लावू नका. आधी बांधाकडची झाडं बघा, मावा तिथूनच आत शिरतो. शेंडा हलकेच वाकवून भिंगातून पाहा. काळ्या माव्यात मधेच एखादा फुगलेला, तपकिरी, कडक झालेला मावा दिसेल. त्याच्या पोटात इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढते. पाठीवर गोल भोक असेल तर माशी बाहेर पडली समजा. असे मावे वाढत असतील तर थांबा. जहाल औषधाने या माशाही मरतात, मग मावा पुन्हा फोफावतो. फवारायचंच झालं तर कडेच्या पट्ट्यात ५ टक्के निंबोळी अर्क मारा. पुढच्या वर्षी ‘भीमा’ वाण घ्या, मावा बऱ्यापैकी सोसतो. पेरणी मात्र लांबवू नका, उशिराच्या करडईला मावा जास्त लागतो.