सोलापुरात रोजच्या वापराला छोटी गाडी: सीएनजीचे पैसे ऑटो गिअरला लावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घर जुळे सोलापुरात, ऑफिस नवी पेठेजवळ, मिसेसची शाळा सात रस्त्याकडे. ऑन-रोड बजेट सहा लाख. ऑल्टो के१० सीएनजी घ्यावी, जुनी वॅगनआर बघावी, की तेवढ्याच पैशात एखादी वापरलेली सेडान? मिसेसना सध्या फक्त स्कूटी येते, पण गाडी त्याही चालवणार. मागे दोन मुलं आणि कधीमधी आई.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सीएनजी नको, सेडान तर नकोच. ऑल्टो के१० पेट्रोल घ्या, पण ऑटो गिअरची.

सीएनजीचं गणित आपल्याकडे बहुतेक जण पुण्याच्या चष्म्यातून करतात. तिथे माणूस रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी मारतो. तुमचं शाळा-ऑफिस धरून दिवसाला बारा-तेराच्या वर जात नाही. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, लग्नकार्य सगळं सढळ हाताने धरलं तरी वर्षाला ६,००० किलोमीटर. एसी लावून गावात छोटी पेट्रोल गाडी १७ चं ॲव्हरेज देते असं धरा, पेट्रोल १०५ रुपये धरा, तर वर्षाचे ३७,००० झाले. सीएनजीला २६ चं ॲव्हरेज आणि किलोला ९२ रुपये धरले तर २१,०००. म्हणजे वर्षाला सोळा हजार वाचले. सीएनजीचं मॉडेल घेताना जे ऐंशी-नव्वद हजार जास्त जातात, ते वसूल व्हायला पाच-साडेपाच वर्षं. भाव पाच रुपये इकडेतिकडे झाले तरी चित्र फारसं बदलत नाही. तोपर्यंत डिकी सिलिंडरची. ऑल्टोची डिकी मुळात २१४ लिटरची, त्यात टाकी बसली की आईंची पिशवी मुलांच्या मांडीवर. शिवाय मे महिन्यात पंपावरची रांग, आणि गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं. दर ३ वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) करावी लागते, तेही कुणी शोरूममध्ये आपणहून सांगत नाही. रोज चिंचोळी एमआयडीसीला जाणारा असता तर मी सीएनजीच घ्या म्हटलं असतं.

हेच पैसे ऑटो गिअरला लावा. मारुतीच्या छोट्या गाड्यांत सीएनजी आणि ऑटो गिअर एकत्र मिळत नाही, त्यामुळे निवड करावीच लागते. (टाटाने टियागोत २०२४ पासून दोन्ही एकत्र दिलंय, पण ते तुमच्या बजेटच्या वर जाईल.) आसरा चौकातला सिग्नल, समोर आडवी घुसलेली रिक्षा, डावीकडून दोन स्कूट्या आणि मागून हॉर्न. अशा वेळी नवशिक्या माणसाची गाडी बंद पडते ती क्लचमुळे. क्लच काढून टाकला की मिसेस महिनाभरात एकट्या शाळेत जायला लागतील. मॅन्युअल घेतली तर किती घरांत गाडी शेवटी एकाच्याच हातात राहते, ते तुम्हीही बघितलं असेल.

मात्र हा महागड्या गाड्यांतला ऑटोमॅटिक नव्हे. आत गिअरबॉक्स साधाच आहे, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. म्हणून गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला की झटका निम्मा होतो, आठवड्यात सवय लागते. एक पथ्य मात्र पाळायचं: उड्डाणपुलाच्या चढावर थांबलात तर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेक किंवा हँडब्रेक वापरायचा. क्लच आत आहेच, तो तसा धरला की जळतो.

आता सेडान. जुनी मोठी गाडी स्वस्त मिळते, कारण ती सांभाळणं स्वस्त नसतं. टायर, सस्पेन्शन, बंपर, सगळंच एक घर वर. आणि ठेवणार कुठे? पोर्चमध्ये आधी टेप लावा. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या पोर्चमध्ये एखादी सिंटेक्स, दोन बॅरल आणि मोटर असतेच. मोजमाप त्या सगळ्यासकट घ्यायचं, बिल्डरच्या नकाशावरून नाही. ऑल्टो के१० ची लांबी ३,५३० मिमी, रुंदी १,४९०. वॅगनआर पाच इंच लांब आणि पाच इंच रुंद. टियागो ऑल्टोपेक्षा नऊ इंच लांब. कागदावर हे किरकोळ वाटतं, पण टाकी आणि गेट यांच्यामध्ये दार उघडून आईंना उतरवताना पाच इंच फार असतात. नवी पेठेतही गाडी लावायला जी फट मिळते ती ऑल्टोच्याच मापाची असते. चाटी गल्लीत तर कुठलीच गाडी नेऊ नका, आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाच्या आसपास स्कूटीच बरी.

ऑल्टोच्या विरोधात दोन मुद्दे खरे आहेत. पहिला सुरक्षिततेचा. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या धडकवून बघते आणि पाचपैकी स्टार देते. तिच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये ४ स्टार मिळाले होते, ऑल्टो के१० ला २०२३ मध्ये २. वॅगनआरला त्याच वर्षी फक्त १. २०२५ पासून ऑल्टोत सहा एअरबॅग आल्या हे चांगलंच, पण एअरबॅग वाढल्या म्हणून जुने स्टार आपोआप वाढत नाहीत. महिन्यातून दोनदा सहकुटुंब पुण्याला जाणार असाल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि बजेट ताणून टियागो घ्या. गावात चाळीसच्या स्पीडने फिरणाऱ्याला मी इतका आग्रह करणार नाही. मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावायचा, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून.

दुसरा मुद्दा आईंच्या गुडघ्यांचा. ऑल्टोत खाली बसावं लागतं, वॅगनआरमध्ये सरळ आत सरकता येतं. त्या आठवड्यातून दोन-तीनदा गाडीत बसणार असतील तर तीन-चार वर्षं जुनी ऑटो गिअरची वॅगनआर बघा. नवी सहा लाखांत बसणार नाही.

जुनी बघायला जाताना सकाळी जा, न कळवता गेलात तर उत्तम. पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणं. आमचे मेस्त्री म्हणतात, "इंजन आधीच गरम करून ठिवलंय म्हंजे कायतरी लपवायलंय." थंड इंजिन स्टार्ट करताना आवाज, धूर, थरथर जे असेल ते कळतं. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो, ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटरवर वीस हजार, आणि चारही टायर मागच्या वर्षीचे, तर मीटर मागे फिरवलाय का, हे विचारायलाच हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला होता, त्यामुळे पाण्यात राहिलेली गाडी आपल्या भागातही फिरत असू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला तुकडा कुणी धूत नाही, तिथे चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रेलचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा यांवरचा गंजही बघा. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का, चलनं बाकी आहेत का, हे पैसे देण्याआधी. ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन थांबू नका, गाडी नावावर होईपर्यंत मागे लागा.

नवी घेतली तर टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला मागा, चारजण बसवून, एसी चालू ठेवून. संध्याकाळी सातला सगळ्याच गाड्यांचा एसी गार लागतो. एक लिटरच्या इंजिनावर एसीचा भार जाणवतो, तो किती हे स्वतः बघा. रंग पांढरा किंवा सिल्व्हर. काळी फिल्म लावू नका, दंड होतो. पुढच्या काचेला घडीचा सनशेड पुरतो. आपल्या उन्हात बॅटरी लवकर दमते, तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्याआधी तपासून घ्या. किलोमीटर कमी होतात म्हणून सर्व्हिसिंग लांबवू नका. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइल लवकर खराब होतं, तेव्हा वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच. पाणी नसलेल्या दिवशी धुळीवर कोरडं फडकं मारू नका, रंगावर ओरखडे उठतात. अर्धी बादली आणि ओलं मायक्रोफायबर पुरे.

पैशांचं शेवटचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या, ४ मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, त्याआधी सेससकट २९ होता. म्हणून जुन्या गाडीचा भाव सांगणारा त्याआधीच्या किमतीशी तुलना करत असेल तर ऐकू नका, आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करा. ऑन-रोडमध्ये पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, तो कमी होत नाही. इन्शुरन्स मात्र शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. थर्ड पार्टीचा दर सगळीकडे सारखाच, पण गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता कंपनीगणिक बदलतो. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर दाखवा, समोरचा माणूस आत जाऊन साहेबांना विचारून येतो आणि आकडा उतरतो. ॲक्सेसरीजच्या यादीतून मॅट आणि मडफ्लॅप सोडून बाकी सगळं खोडा, बाहेर निम्म्या किमतीत मिळतं.