मादी गेली कुठे?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचं घर आहे, मागे जुना बेहडा, त्याच्या ढोलीपाशी दरवर्षी गरुडाची जोडी येते. यंदा फेब्रुवारीपासून एकटा नरच दिसतोय, मादीचा पत्ताच नाही. कोणी मारली असेल का? मला यांचा अभ्यास करायचाय, कॅमेरा कुठला घेऊ?

उत्तर : अहो, मादी घरातच आहे! (तुमच्याकडे गरुड म्हणतात तो म्हणजे धनेश, चोचीवर शिंग असलेला, फळं खाणारा पक्षी; शिकारी गरुड नव्हे.) ढोलीत शिरून तिने दार आपल्याच विष्ठेने लिंपून घेतलंय, फक्त चोच मावेल एवढी फट ठेवलीय, आणि आता अंडी उबवून पिल्लं मोठी होईपर्यंत बाईसाहेब आत, त्यातच पंखांची जुनी पिसं गाळून नवी आणणार, म्हणजे वाटलं तरी उडता यायचं नाही. सगळं खाणंपिणं नराच्या भरवशावर.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मान काळी, पोट पांढरं आणि चोचीवरच्या शिंगावर काळा डाग दिसतोय, म्हणजे हा माडगरुड, धनेशाचीच एक जात. मोठा धनेश असता तर मान पिवळसर पांढरी दिसली असती, आणि उडताना पंखांचा आवाज असा येतो की आधी कान वर जातात मग मान.

कॅमेऱ्याचं राहू द्या, सध्या वही आणि साधी दुर्बीण पुरे. पन्नासेक मीटर लांब, झाडोऱ्याआड बसा. जवळ गेलात तर नर गळ्यात फळं घेऊन शेजारच्या झाडावर नुसता बसून राहतो, आत पिल्लं उपाशी. तो किती वाजता आला, किती वेळाने परत आला, एकेक करून किती फळं बाहेर काढून फटीतून दिली, एवढं मोजा (मजा येते, खरंच). ढोलीखाली पडलेल्या बिया मात्र आत्ता उचलायला जाऊ नका, पाखरं गेल्यावर बघा, काय काय खाल्लं ते तिथेच कळेल, पावसाळ्यात रोपंही उगवलेली दिसतील. आसपास वड-उंबर किती आहेत तेही लिहा, यांचं मुख्य खाणं तेच.

फोटो टाकताना गावाचं नाव, लोकेशन देऊ नका. आणि बेहडा तोडायला कोणी ठेकेदार आला तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, धनेशांना स्वतः ढोली कोरता येत नाही, जुन्या झाडात आयती मिळाली तरच संसार, म्हणून तर वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येतात.

एक दिवस लिंपण फुटलेलं दिसेल. ती तारीख तेवढी चुकवू नका.