चांदबीबी महाल : गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना नेता येईल का?

प्रश्न : लग्न होऊन मी नगरला सावेडीत आले. चांदबीबी महालाचा डोंगर येता-जाता दिसतो, पण वर जाणं काही झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेची मुलं येणार आहेत, तेव्हा जायचं ठरतंय. सासूबाईंनाही यायचंय, पण त्यांचे गुडघे दुखतात. त्या सांगतात, ‘चांदबीबी तिथून मोगलांवर नजर ठेवायची.’ सातवीतला भाचा म्हणतो, तिथं चांदबीबीचं काहीच नाही. मुलांना नेमकं काय सांगू? आणि सासूबाईंना न्यावं का?
— एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर

उत्तर : सासूबाईंना जरूर न्या. गाडीरस्ता थेट वरपर्यंत जातो, त्यामुळे डोंगर चढायचा प्रश्नच नाही. पाथर्डी रस्त्यानं भिंगार मागे टाकलं की डोंगर समोर दिसायला लागतो. शहरापासून सगळं मिळून साधारण 13 किलोमीटर. घाटाची वळणं अरुंद आहेत, म्हणून गाडी सवयीच्या माणसाच्या हाती द्या. इमारतीचा तळमजला चहूबाजूंनी कमानींचा, मोकळा आहे. तिथं सतरंजी टाकून आजींना बसवा. सोबत एक शाल असू द्या, कारण ऐन दुपारीही वर वारा झोंबतो.

जिना मात्र त्यांना चढू देऊ नका. तो भिंतीच्या जाडीतूनच वर काढलेला आहे. आत काळोख, पायऱ्या उंच आणि कडा झिजलेल्या. एक हात भिंतीला लावूनच चढावं लागतं आणि समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. मुलांच्या पुढे एक मोठं माणूस आणि मागे एक, असं चालायचं. वरच्या मजल्यावर कमानींच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढायची हौस कुणालाही करू देऊ नका. वारा जोराचा असतो आणि खाली दगडी फरशी आहे.

आता मुलांना काय सांगायचं ते. मी मूळची भिंगारची, आणि हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुमच्या भाच्याचं बरोबर आहे. ही कबर आहे, सलाबतखानाची. चौथा निजामशहा मुर्तझा याचा हा वजीर. मुर्तझा मनानं आजारी होता. दरबार सोडून तो बागेतल्या महालात एकांतात राहायचा, आणि राज्याचा गाडा वर्षानुवर्षं सलाबतखानानं ओढला. शेवटी त्याच राजानं त्याला कैदेत टाकलं. 1588 मध्ये मुर्तझाला त्याच्या मुलानं मारलं, आणि पुढच्याच वर्षी सलाबतखानही गेला. चांदबीबीनं अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला तो 1595-96 मध्ये, म्हणजे तोवर ही कबर डोंगरावर उभी होती. चांदबीबी ही मुर्तझाची बहीण, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. तिच्या पराक्रमाची आठवण लोकांनी गावातल्या सर्वांत उंच जागेशी जोडली. सासूबाईंना खोडून काढायची काही गरज नाही. त्यांच्याकडून चांदबीबीची गोष्ट ऐका आणि मग सलाबतखानाची तुम्ही सांगा.

ती सांगताना भातोडीच्या तलावाचं नाव नक्की घ्या. नगरजवळचा तो जुना तलाव सलाबतखानानं बांधवून घेतला. आपल्या या कमी पावसाच्या मुलखात पाणी अडवणारा कारभारी म्हणजे किती मोठी गोष्ट! आणि त्याच भातोडीला 1624 मध्ये मलिक अंबरानं मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा एकत्र पराभव केला. तलाव फोडून त्यानं शत्रूच्या तळावर चिखल केला, असं सांगतात. शहाजीराजे त्या लढाईत निजामशाहीकडून लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथंच कामी आले. सातवीतल्या मुलाला शहाजीराजे माहीत असणारच. ज्याच्या कबरीपाशी आपण उभे आहोत त्याच्या तलावाकाठी ती लढाई झाली, हे कळलं की त्याला इतिहासातली माणसं एकमेकांच्या शेजारी दिसायला लागतील.

इमारत आठ कोनांची, तीन मजली, साधारण 70 फूट उंच. जाळ्या नाहीत, वेलबुट्टी नाही, नुसता काळा दगड आणि मोठमोठ्या कमानी. काहींना ती ओकीबोकी वाटते, मला वाटत नाही. समुद्रसपाटीपासून 3000 फुटांच्या आसपासच्या त्या माथ्यावर याहून जास्त काही शोभलं नसतं. एका कमानीतून नगर शहर आणि कॅम्पातली गर्द झाडी, दुसरीतून पवनचक्क्या, तिसरीतून नुसते उघडे डोंगर. मुलांना आठही बाजूंनी फिरवा आणि किल्ला कुठे असेल ते शोधायला लावा.

खाली तळघर आहे, तिथं कबरी आहेत. तिथं आरडाओरडा, पळापळी नको. कुणाच्याही समाधीपुढे आपण जसे वागतो तसंच वागायचं. भिंतींवर बदामात कोरलेली नावं मुलांना दिसतीलच. त्यांना दाखवून स्पष्ट सांगा की हे वाईट आहे. चारशे वर्षांहून जुना दगड आहे, तो पुन्हा घडवून मिळणार नाही. मला हे बघून दर वेळी फार वाईट वाटतं.

वर खाण्यापिण्याची सोय धरून जाऊ नका. पाणी भरपूर न्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं कोरडं काहीतरी बांधून घ्या आणि कचरा पिशवीत भरून खाली आणा. दिवाळीत गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं, हवा स्वच्छ असते, त्यामुळे दिवस तुम्ही चांगलेच निवडलेत. सकाळी लवकर निघा. अंधार पडायच्या आत घाट उतरलेला बरा.

आणि सकाळी निघालात तर परतताना फराहबाग हा निजामशाहीतला जुना महालही करता येईल. बांधकाम आधीच्या माणसांनी सुरू केलं होतं, ते पाडून नव्यानं उभं केलं सलाबतखानानंच. चारी बाजूंनी पाणी आणि मधे महाल, अशी ती रचना होती. तिथं पायऱ्यांचा त्रास नाही, आजींना मुलांबरोबर सावकाश चालता येईल.